रायफलीच्या पुंगळ्यांचे रिसायझिंग आणि हेडस्पेस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःच्या रायफलीसाठी काडतुसे पुन्हा भरणाऱ्या, म्हणजे रिलोडिंग करणाऱ्या, मराठी वाचकांकडून, मुख्यतः अमेरिकेतून, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. दारूचे वजन आणि गोळीची निवड हे विषय येथे मुद्दाम घेतलेले नाहीत. त्यासाठी छापील लोडिंग मॅन्युअललाच प्रमाण मानावे. मापे इंचात दिली आहेत, कारण डाय (पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाला, मापात आणणारा साचा), गेज आणि मॅन्युअल या सर्वांची भाषा तीच आहे. इंचाच्या हजाराव्या भागाला कारखान्यात ‘थाऊ’ म्हणतात, तोच शब्द येथे वापरला आहे. एक थाऊ म्हणजे सुमारे २५ मायक्रॉन.

१. एकदा झाडलेली पुंगळी पुन्हा मापात का आणावी लागते? ती तशीच भरली तर काय बिघडते?

बार होताच चेंबरमधला, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या पोकळीतला, दाब प्रचंड वाढतो. .३०८ विंचेस्टरसाठी सामी या अमेरिकी प्रमाणीकरण संस्थेने ठरवलेली कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. या दाबाने पितळेची पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट टेकते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरल्यावर ती थोडी आक्रसते, म्हणून बाहेर काढता येते. पण ती मूळ मापावर परत येत नाही. तिची मान (गोळी धरणारा तोंडाकडचा अरुंद भाग) आता इतकी सैल असते की नवी गोळी तिच्यात धरली जात नाही, धड जवळजवळ चेंबरएवढे झालेले असते आणि खांदा (धड आणि मान यांना जोडणारा उतार) पुढे सरकलेला असतो. मान आवळणे, धड किंचित बारीक करणे आणि खांदा योग्य जागी बसवणे ही तीन कामे साइझिंग डाय एकाच दाबात करते. यांतले तिसरे काम सर्वांत नाजूक आहे आणि या पानावरची बहुतेक उत्तरे त्याच्याभोवती फिरतात.

२. हेडस्पेस म्हणजे नेमके काय?

बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) बंद असताना बोल्टच्या तोंडापासून, काडतुसाला पुढे सरकण्यापासून अडवणाऱ्या चेंबरमधल्या जागेपर्यंतचे अंतर म्हणजे हेडस्पेस. अडवणारी जागा काडतुसाच्या जातीप्रमाणे बदलते. .३०-३० विंचेस्टर किंवा .३०३ ब्रिटिश यांसारख्या कडा असलेल्या काडतुसात ती बुडाची कडा असते; .३७५ एच अँड एच मॅग्नमसारख्या पट्टेवाल्या काडतुसात ती बुडापुढचा पट्टा असते; .३०८ विंचेस्टर, .३०-०६ किंवा .२२३ रेमिंग्टनमध्ये ती खांद्याचा उतार असते, आणि .४५० बुशमास्टरसारख्या सरळ भिंतीच्या काडतुसात पुंगळीचे तोंडच हे काम करते.

काटेकोरपणे बोलायचे तर हेडस्पेस हे रायफलीचे माप आहे, काडतुसाचे नाही. काडतुसाच्या बाजूने जे मोजले जाते ते बुडापासून खांद्यापर्यंतचे अंतर, आणि या दोहोंतला फरक म्हणजे काडतुसाला मिळणारी मोकळीक. रिलोडिंग करणाऱ्याच्या हातात रायफलीचे माप नसते, ही मोकळीक मात्र पूर्णपणे त्याच्या हातात असते. नवी रायफल तज्ज्ञाने तपासून दिली म्हणून निश्चिंत झालेला माणूस चुकीच्या लावलेल्या डायने दर खेपेला आपल्याच हाताने जास्तीची मोकळीक तयार करत असतो, आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही.

३. खांदा तर उतरता असतो. मग त्याच्यावरच्या कोणत्या बिंदूपर्यंत मोजायचे?

उतारावर एक ठरावीक व्यासाचे वर्तुळ कल्पिले जाते आणि त्याला डेटम म्हणतात. .३०८ विंचेस्टरच्या २० अंशांच्या खांद्यावर ते ०.४०० इंच व्यासाचे, .३०-०६ वर ०.३७५ इंचाचे आणि .२२३ वर ०.३३० इंचाचे असते. बुडापासून या वर्तुळापर्यंतचे अंतर हेच माप. .३०८ च्या चेंबरसाठी ते किमान १.६३० इंच असावे लागते.

४. ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेज म्हणजे काय? ती मी विकत घ्यावीत का?

ही कडक पोलादाची, अचूक मापाची ठोकळी काडतुसे असतात. .३०८ साठी ‘गो’ गेज १.६३० इंच, ‘नो-गो’ १.६३४ इंच आणि ‘फील्ड’ गेज १.६३८ इंच असते. ‘गो’वर बोल्ट बंद झाला पाहिजे. ‘नो-गो’वर नव्याने बसवलेल्या नळीचा बोल्ट बंद होता कामा नये, वापरलेल्या रायफलीचा झाला तर ती जाणकार गनस्मिथला दाखवावी. ‘फील्ड’वरही बंद झाला तर ती रायफल दुरुस्त होईपर्यंत झाडू नये. तपासताना बोल्ट मोकळा करून बोटांच्या हलक्या दाबाने फिरवावा, कारण जोर लावला तर गेजही खराब होते आणि निष्कर्षही चुकतो.

जुनी किंवा लष्करी रायफल घेणाऱ्याने गेज जरूर घ्यावीत. एकाच नव्या बोल्ट-ॲक्शन (बोल्ट हाताने चालवायच्या) रायफलीसाठी रिलोडिंग करणाऱ्याला मात्र गेजपेक्षा कंपॅरेटर (कॅलिपरला लावून खांद्यापर्यंतचे माप घेण्याचे साधन) जास्त उपयोगी पडतो. त्याविषयी प्रश्न ८ आणि ९ पाहावेत.

५. मोकळीक जास्त झाली तर नेमका धोका कशाचा असतो?

बार उडवणाऱ्या फायरिंग पिनच्या धक्क्याने काडतूस प्रथम पुढे ढकलले जाते आणि बुडामागे पोकळी राहते. दारू पेटताच पुंगळीच्या पुढच्या पातळ भिंती चेंबरला घट्ट धरतात, पण बुडाजवळचा जाड भाग फुगू शकत नाही; तो मागे सरकून बोल्टला जाऊन टेकतो. पुढचा भाग जागेवर आणि मागचा भाग सरकलेला, त्यामुळे दोहोंच्या मधले पितळ ताणले जाते. ही जागा बुडाच्या जाड भागाच्या लगेच पुढे असते. एका बाराने सहसा काही दिसत नाही. पण प्रत्येक वेळी खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला, तर प्रत्येक बाराबरोबर तीच जागा पातळ होत जाते आणि शेवटी पुंगळी तिथून आडवी तुटते. मग उच्च दाबाचा वायू मागच्या बाजूला येऊ शकतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा नसेल तर याचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात ते वेगळे सांगायला नको.

ओळखण्याची खूण म्हणजे बुडाच्या थोडे वर दिसणारे चकचकीत वलय. मात्र डायच्या तोंडाच्या घासण्यानेही तसाच बाहेरचा पट्टा उमटतो, म्हणून केवळ बाहेरून निर्णय घेऊ नये. कागदाची क्लिप सरळ करून तिचे टोक काटकोनात वाकवावे, ते टोकदार करावे आणि पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून बुडापासून वर ओढत आणावे. टोक एखाद्या खाचेत अडखळले तर ती पुंगळी आणि त्याच गठ्ठ्यातल्या तितक्याच वेळा झाडलेल्या तिच्या जोडीदारीणी भंगारात टाकाव्यात. जोडीदारीणी वाचवण्याचा मोह होतो, तो आवरावा.

६. फक्त मान आवळावी की पूर्ण पुंगळी डायमधून काढावी?

फक्त मान आवळली, म्हणजे नेक साइझिंग केले, तर धड आणि खांदा चेंबरच्याच आकाराचे राहतात आणि पितळेवर कमी ताण येतो. हा सल्ला अनेक वर्षे अचूक नेमबाजांत रूढ होता. अडचण अशी की दोन-चार बारांनंतर पुंगळी चेंबरमध्ये घट्ट होऊ लागते, बोल्ट जड फिरतो, आणि मग तशीही पूर्ण साइझिंग करावीच लागते. म्हणजे पहिल्या बाराला एक माप आणि चौथ्या बाराला दुसरे. माझे मत असे आहे की दर वेळी पूर्ण साइझिंग करावी, पण ती मोजून आणि अगदी थोडी करावी. त्यामुळे प्रत्येक काडतूस सारखे येते आणि पितळही टिकते. नेक साइझिंगला अपवादाने जिथे खरेच स्थान आहे तो प्रसंग प्रश्न १६ मध्ये आहे.

७. खांदा नक्की किती मागे ढकलावा?

बोल्ट-ॲक्शन रायफलीसाठी चेंबरच्या मापापेक्षा १ ते २ थाऊ, आणि सेमी-ऑटोमॅटिकसाठी ३ ते ५ थाऊ. दोन थाऊ म्हणजे ५० मायक्रॉन, साधारण डोक्याच्या केसाहूनही कमी जाडी. इतके सूक्ष्म अंतर नजरेने किंवा डाय किती वळवली याच्या अंदाजाने साधता येत नाही, मोजावेच लागते.

येथे ‘चेंबरचे माप’ हा शब्द काळजीपूर्वक वापरला आहे. पहिल्यांदा झाडलेली पुंगळी बऱ्याचदा चेंबर पूर्ण भरत नाही, शिवाय दाब ओसरल्यावर सुमारे एक थाऊ आक्रसते. तिच्याच मापापासून दोन थाऊ कमी केले तर प्रत्यक्षात मोकळीक तीन-चार थाऊ होऊ शकते. म्हणून दोन-तीन वेळा झाडलेली, बोल्ट बंद करताना किंचित जाणवू लागलेली पुंगळी आधार म्हणून धरावी आणि तिच्यावर मार्करने खूण करून ती डबीत जपून ठेवावी.

८. डायसोबतच्या कागदावर लिहिले आहे की डाय शेल होल्डरला (प्रेस या दाबयंत्रात पुंगळीचे बूड धरणाऱ्या भागाला) टेकेपर्यंत खाली आणा आणि मग आणखी पाव वळसा फिरवा. मी तसेच करतो. त्यात चूक काय?

ती सूचना उत्पादकाच्या दृष्टीने योग्य आहे, कारण त्यामुळे तयार होणारे काडतूस प्रमाणात असलेल्या कोणत्याही रायफलीत बसते. पण तुमचे काडतूस कोणत्याही रायफलीसाठी नाही, तुमच्या रायफलीसाठी आहे. तुमचा चेंबर प्रमाणाच्या मोठ्या टोकाला असेल, तर ही सूचना पाळून खांदा आठ-दहा थाऊ मागे जाऊ शकतो आणि प्रश्न ५ मधली झीज दर बाराला होऊ लागते.

त्याऐवजी असे करावे. झाडलेल्या पुंगळीचा प्रायमर (बुडातली, दारू पेटवणारी टोपी) आधी काढावा, कारण किंचित बाहेर आलेला प्रायमर माप फसवे करतो. मग कॅलिपरला कंपॅरेटर लावून बुडापासून खांद्यापर्यंतचे माप घ्यावे आणि लिहून ठेवावे. डाय शेल होल्डरपासून चांगली वर ठेवून पुंगळी तेल लावून आत दाबावी, काढावी, पुसावी आणि पुन्हा मोजावी. डाय थोडी खाली आणावी आणि हेच पुन्हा करावे. डायच्या आट्यांचे प्रमाण सात-अष्टमांश इंच व्यासाला इंचामागे १४ असे आहे, म्हणजे पूर्ण वळशाला सुमारे ७१ थाऊ आणि एका अंशाला पाचवा हिस्सा थाऊ. दोन थाऊंसाठी डाय जेमतेम १० अंश फिरवायची असते, घड्याळाच्या तबकडीवर सुमारे पावणेदोन मिनिटांइतकी. पाव वळसा म्हणजे १८ थाऊ. यातला बराच भाग प्रेसच्या ताणात जातो हे खरे, पण या दोन आकड्यांतले अंतर लक्षात घेतले की ती सूचना किती ढोबळ आहे ते कळते.

शेवटची तपासणी रायफलीतच करावी. बोल्टमधून फायरिंग पिनची जुळणी आणि इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढून ठेवावा, म्हणजे स्प्रिंगचा विरोध हाताला फसवणार नाही. साइझिंग केलेली रिकामी पुंगळी चेंबरमध्ये ठेवून बोल्ट बंद करावा. बोल्टची मूठ अडखळली तर खांदा अजून पुढे आहे. ती आपल्या वजनाने खाली आली तर तुम्ही पोहोचलात, आणि तिथून एखादा थाऊ पुरेसा आहे. ही तपासणी भरलेल्या काडतुसाने कधीही करू नये.

डाय फिरवण्याची कटकट नको असेल तर वेगवेगळ्या उंचीचे शेल होल्डर मिळतात. साध्या शेल होल्डरच्या ०.१२५ इंच उंचीपेक्षा ते २, ४, ६, ८ आणि १० थाऊंनी उंच असतात. डाय त्यांना घट्ट टेकवून ठेवायची आणि शेल होल्डर बदलून खांद्याचे माप ठरवायचे. दर खेपेला सारखे माप येण्यासाठी ही पद्धत मला अधिक भरवशाची वाटते.

९. माझा कंपॅरेटर १.६३० च्या ऐवजी १.६२१ दाखवतो. रायफल बिघडली आहे का?

नाही. बहुतेक कंपॅरेटरच्या छिद्राची कडा किंचित गोलाई दिलेली असते, त्यामुळे तो खांद्याला खऱ्या डेटमवर टेकत नाही. त्याचा आकडा फक्त तुलनेसाठी आहे. झाडलेली पुंगळी १.६२१ आणि साइझिंगनंतरची १.६१९ आली, तर फरक दोन थाऊ हे खरे. दोन्ही आकडे प्रमाण मापाशी जुळवू नयेत. मित्राच्या कंपॅरेटरचा आकडाही आपल्याला लागू होत नाही. खरा आकडा हवाच असेल तर त्याच कंपॅरेटरने ‘गो’ गेज मोजावे आणि मिळालेला फरक कायमचा लिहून ठेवावा.

१०. डाय हललेली नाही, तरी एका पुंगळीचा खांदा दोन थाऊ मागे जातो आणि दुसरीचा शून्य. असे का?

प्रामुख्याने पितळेच्या कडकपणातल्या फरकामुळे. जास्त वेळा झाडलेली पुंगळी कडक होते आणि दाब काढताच जास्त उसळी मारून परत येते. म्हणून वेगवेगळ्या कंपनीच्या आणि वेगवेगळ्या वेळा झाडलेल्या पुंगळ्या कधीही एकत्र साइझ करू नयेत. दुसरे कारण तेलाचे: एका पुंगळीला जास्त आणि एकीला कमी तेल लागले की प्रेसला येणारा ताण बदलतो. यावर एक उपाय अगदी साधा आहे आणि फार कमी लोक तो करतात: प्रेसची मूठ पूर्ण खाली आल्यावर तीन-चार सेकंद तशीच दाबून ठेवावी. पितळेला स्थिरावायला वेळ मिळतो आणि मापांतला विस्कळीतपणा लक्षणीय कमी होतो. एवढे करूनही फरक राहिला तर ॲनीलिंगची वेळ आली आहे असे समजावे.

११. ॲनीलिंग म्हणजे काय? घरी करता येते का?

पुंगळीचे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. ते वारंवार फुगवले आणि आवळले की कडक होते, आणि कडक झालेली मान शेवटी उभी चिरते. पुण्याच्या तांबट आळीत भांडे ठोकताना कडक झालेला पत्रा कारागीर भट्टीत तापवून पुन्हा मऊ करतात, तेच तत्त्व येथे आहे. फरक इतकाच की भांडे सगळे तापवले तरी चालते, पुंगळीची मात्र फक्त मान आणि खांदा तापवायचे असतात. बूड मऊ झाले तर ते दाब पेलू शकत नाही आणि ती पुंगळी धोकादायक होते. एखाद्या पुंगळीचे बूड तापले अशी नुसती शंका आली तरी ती पक्कडीने चेपून टाकावी, म्हणजे चुकून वापरली जाणार नाही. भट्टीत किंवा ओव्हनमध्ये पूर्ण पुंगळ्या ठेवण्याचा विचारही करू नये.

घरी गॅसच्या टॉर्चने करता येते. मानेच्या आत ७५० अंश फॅरेनहाइटला, म्हणजे सुमारे ४०० अंश सेल्सियसला, वितळणारा तापदर्शक रंग लावावा आणि धडावर खालच्या बाजूला ४५० अंश फॅरेनहाइटचा. वरचा वितळला पाहिजे, खालचा वितळता कामा नये. काम काही सेकंदांचे असते. नंतर पाण्यात टाकणे ऐच्छिक आहे: पोलादासारखे पितळ पाण्याने कडक होत नाही, फक्त उष्णता खाली उतरायची थांबते.

१२. पुंगळी डायमध्ये अडकली. आता काय करावे?

जोर लावू नये. त्याने बुडाची कडा तुटते आणि काम वाढते. प्रथम डायमधला डिकॅपिंग (प्रायमर बाहेर ढकलणारा) दांडा जमेल तितका वर घ्यावा. मग पुंगळीच्या बुडात छिद्र पाडून, आटे पाडून, स्क्रूच्या साहाय्याने ती ओढून काढावी. यासाठी तयार संच मिळतात.

हे बहुतेक वेळा तेल कमी पडल्याने होते. उलट खांद्यावर तेल साठले तर ते दाबात कुठेच जाऊ शकत नाही आणि पितळेत खळगा पाडते. धडावर पातळ, सारखा थर आणि खांदा जवळजवळ कोरडा असावा. मानेच्या आतही किंचित तेल लावावे, नाहीतर बाहेर येणारा एक्स्पांडर (मान आतून मापात आणणारा दांड्यावरचा गोळा) मानेला ओढतो आणि खांदा दोन-तीन थाऊ पुढे आणतो. साइझिंगनंतर सर्व तेल पुसलेच पाहिजे: तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरत नाही आणि बोल्टवर जास्त भार टाकते.

१३. साइझिंगच्या आधी पुंगळी रायफलीत बसत होती आणि साइझिंगनंतर बोल्ट बंदच होत नाही! डाय सदोष आहे का?

डाय निर्दोष आहे. ती पुरेशी खाली आलेली नाही. डाय प्रथम धड आवळते आणि आवळलेल्या पितळेला जायला एकच दिशा असते, ती म्हणजे वर. त्यामुळे डायचा खांदा पुंगळीच्या खांद्याला भिडेपर्यंत पुंगळीचा खांदा पुढेच सरकत असतो, कधी कधी झाडलेल्या मापाच्याही काही थाऊ पुढे. प्रश्न ८ प्रमाणे डाय टप्प्याटप्प्याने खाली आणताना मधल्या टप्प्यावर माप वाढलेले दिसते ते याच कारणाने. घाबरून डाय वर घेऊ नये. आणखी खाली आणावी, मग माप उतरू लागते.

खांद्याचे माप बरोबर असूनही बोल्ट जड वाटत असेल तर पुंगळीवर मार्करने काळे फासून ती चेंबरमध्ये घालावी आणि काळे कुठे पुसले गेले ते पाहावे. बुडाजवळ पुसले असेल तर धड पुरेसे आवळले जात नाही. तेव्हा डायच्या मापात बसेल असा चेंबर किंवा स्मॉल बेस डाय (बुडाजवळ अधिक आवळणारी डाय) असा विचार करावा लागतो.

१४. पुंगळीची लांबी आणि हेडस्पेस एकच का? लांबी कापली की हेडस्पेस बदलते का?

खांद्यावर टेकणाऱ्या काडतुसांत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकूण लांबी बुडापासून तोंडापर्यंत मोजतात; .३०८ साठी ती कमाल २.०१५ इंच असून २.००५ पर्यंत कापण्याची रीत आहे. ती वाढली तर मान नळीच्या सुरुवातीला चेपली जाते आणि गोळीला घट्ट पकडते, त्यामुळे दाब धोकादायक वाढू शकतो. लांबी साइझिंगने वाढते, म्हणून साइझिंगनंतरच मोजावी. .४५० बुशमास्टरसारख्या सरळ भिंतीच्या काडतुसात मात्र तोंडच अडवण्याचे काम करते, आणि तिथे पुंगळी जास्त कापणे म्हणजे थेट हेडस्पेस बिघडवणे.

१५. एम-१ गॅरंडसारख्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलीसाठी काय वेगळे करावे?

येथे बोल्ट हाताने नव्हे, स्प्रिंगच्या वेगाने बंद होतो आणि गॅरंडची फायरिंग पिन मोकळी असते. पुंगळी घट्ट असेल किंवा प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा वर राहिला असेल, तर बोल्ट पूर्ण बंद होण्याआधी बार होण्याचा धोका असतो. म्हणून पूर्ण साइझिंग, ३ ते ५ थाऊ मोकळीक आणि प्रत्येक प्रायमर पातळीच्या खाली बसल्याची बोटाने खात्री, या तीन गोष्टींना पर्याय नाही.

शिवाय प्रश्न ७ मधला नियम येथे जसाच्या तसा लागू होत नाही. गॅसवर चालणारी रायफल चेंबरमध्ये थोडा दाब असतानाच पुंगळी खेचू लागते, त्यामुळे खांदा चेंबरच्याही पुढे फुगलेला असू शकतो. झाडलेली पुंगळी येथे चेंबरची खरी नक्कल नसते. अशा वेळी प्रश्न ९ प्रमाणे ‘गो’ गेजशी जुळवलेला कंपॅरेटर किंवा पुंगळी तपासण्याचे नळकांडी गेज वापरावे.

१६. माझ्याकडे जुनी ली-एन्फील्ड आहे. .३०३ च्या पुंगळ्या तीन-चार बारांतच का तुटतात?

इशापूरच्या कारखान्यात पिढ्यानपिढ्या बनलेली आणि आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर अनेकांनी पाहिलेली ही रायफल. .३०३ कडेवर टेकते, म्हणून लष्करी चेंबर खांद्याच्या बाजूने ऐसपैस कापले गेले, जेणेकरून चिखल-मातीतही काडतूस बसावे. बोल्टचे लग (त्याला जागी अडकवणारे उंचवटे) मागच्या बाजूला असल्याने ॲक्शनही (बोल्ट आणि त्याभोवतीची यंत्रणा) किंचित लवचिक आहे. प्रत्येक बाराला खांदा दूरवर पुढे जातो, आणि पूर्ण साइझिंगने तो पुन्हा मूळ जागी आणला की पितळ ताणले जाते.

उपाय असा की खांद्याला पुन्हा हातच लावू नये. येथे नेक साइझिंग करावी, किंवा डाय वर ठेवून खांदा फक्त स्पर्शापुरता आवळावा, म्हणजे काडतूस कडेऐवजी खांद्यावर टेकू लागते. नव्या पुंगळीच्या पहिल्या बाराच्या वेळी कडेच्या पुढे पातळ रबरी रिंग बसवण्याची युक्तीही चांगली आहे. ती बुडाला बोल्टशी चिकटवून ठेवते. कडेवरची हेडस्पेसच जास्त असेल तर नंबर ४ रायफलीला ० ते ३ क्रमांकांची बदलती बोल्ट-हेड मिळतात. नंबर १ मार्क ३ च्या बोल्ट-हेडवर असे क्रमांक नसतात.

१७. मॅग्नमच्या पट्ट्यामुळे हेडस्पेस ठरते, मग खांद्याकडे लक्ष देण्याची गरज काय?

पट्टा .३७५ एच अँड एचसारख्या १९१२ सालच्या, अगदी निमुळत्या खांद्याच्या काडतुसासाठी आवश्यक होता. १९६३ च्या .३०० विंचेस्टर मॅग्नमला स्वतःचा ठसठशीत खांदा आहे. कारखान्यातून येणाऱ्या नव्या पुंगळीत हा खांदा चेंबरच्या बराच मागे असतो, त्यामुळे पहिल्याच बाराला पितळ खूप ताणले जाते. त्यानंतर डाय खाली दाबून तो पुन्हा मागे नेणे म्हणजे तीच इजा पुन्हा करणे. पट्टा विसरावा आणि प्रश्न ८ प्रमाणे खांद्यापासूनच मोजावे. पट्ट्याच्या लगेच पुढे फुगवटा आला तर साधी डाय तिथे पोहोचत नाही; त्यासाठी वेगळी कॉलेट डाय मिळते.

१८. कमी दारूच्या हलक्या लोडनंतर प्रायमर बाहेर आलेले दिसतात. दाब जास्त झाला का?

बहुधा उलट. सुरुवातीला प्रायमर मागे ढकलला जातो. पुरेसा दाब असेल तर बूड मागे येऊन त्याला पुन्हा आत बसवते. दाब कमी असेल तर बूड मागे येतच नाही आणि प्रायमर बाहेर राहतो. .३०-३० मध्ये हे नेहमी दिसते. खांद्यावर टेकणाऱ्या पुंगळ्यांत याचा एक छुपा परिणाम होतो: फायरिंग पिनच्या ठोक्याने खांदा मागे चेपला जातो आणि पुंगळी दर बाराला थोडी आखूड होत जाते. अशा पुंगळ्या हलक्या लोडसाठीच वेगळ्या ठेवाव्यात, पूर्ण लोडसाठी कधीही वापरू नयेत.

१९. रेंजवर सापडलेल्या ७.६२ नाटोच्या (.३०८ च्या लष्करी जोडीदाराच्या) पुंगळ्या माझ्या .३०८ मध्ये चालतील का?

चालतील, पण तीन गोष्टी लक्षात ठेवून. लष्करी चेंबर लांब कापलेले असतात, म्हणून खांदा आधीच बराच ताणला गेलेला असू शकतो. प्रश्न ५ मधली क्लिपची तपासणी प्रत्येक पुंगळीवर करावी. या पुंगळ्यांची भिंत सहसा जाड असते, आतली जागा कमी पडते आणि तीच दारू जास्त दाब निर्माण करते. म्हणून लोड नव्याने, खालून सुरू करावा. प्रायमरभोवतीची दाबलेली कडा आधी कापून काढावी. मशीनगनमधून झाडलेल्या पुंगळ्या मी घेत नाही.

२०. एच-१बी व्हिसावर असताना मी अमेरिकेत रिलोडिंग करू शकतो का? आणि भारतात?

स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला अमेरिकेत केंद्रीय परवाना लागत नाही; विकण्यासाठी मात्र लागतो. पण एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगण्यास सर्वसाधारण मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई लागू नाही. राज्यांचे नियम वेगळे असतात, म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय प्रेससुद्धा विकत घेऊ नये.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही दारूगोळ्यातच मोडतात. म्हणून पुण्याला सुट्टीवर जाताना नातेवाइकांना दाखवण्यासाठी एखादी पुंगळी किंवा डाय सामानात टाकू नये. रेंजवर वापरलेल्या बॅगेचे सर्व कप्पे उलटे करून, झटकून, मगच ती प्रवासाला घ्यावी. किंवा प्रवासाची बॅग रेंजवर नेऊच नये.